फिरोजचा फ्रेडी होतो तेव्हा

२०२४ साली रमजान ईद ११ एप्रिलला, गुरुवारी आली. ईदगाहवरून परतलो, शीरखुर्मा झाला, मोठ्यांनी ईदी वाटली आणि घरातल्या मुलांनी आमच्याभोवती कोंडाळे केले. त्यांना पिक्चर बघायचा होता. भंडारा जिल्ह्यातील आमच्यासारख्या कुटुंबांत ईदचा सिनेमा हा सणाचाच एक भाग आहे. आमच्या लहानपणी तालुक्याच्या टॉकीजमध्ये ईदच्या खेळाला खुर्च्या कमी पडत आणि माणसे भिंतीला टेकून उभ्या उभ्या तीन तास काढत. आता ती टॉकीज बंद आहे. मोठा पडदा हवा असेल तर साठ किलोमीटरवरचे नागपूर गाठायचे.

त्या दिवशी दोन मोठे चित्रपट लागले होते. एक अली अब्बास जफर यांचा ‘बडे मियाँ छोटे मियाँ’: अक्षयकुमार आणि टायगर श्रॉफ, बंदुका, हेलिकॉप्टर, हेरगिरी आणि विनोद. दुसरा अमित शर्मा यांचा ‘मैदान’: भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावरचा. घरात मतदान झाले. सहा विरुद्ध एक. ते एक मत आमचे होते. सणाच्या दिवशी मुलांवर गुरुजीगिरी करू नये म्हणून आम्ही गप्प बसलो आणि रविवारी सर्वांना घेऊन ‘बडे मियाँ’ला गेलो. आपण तेव्हा गप्प का बसलो, हा प्रश्न पुढे आम्हाला बरेच दिवस छळत राहिला. हा लेख त्यातूनच लिहिला आहे.

आधी कथानक सांगू. त्याला वेळ लागणार नाही. देशाच्या संरक्षणाचे एक अद्भुत यंत्र, ‘करण कवच’, मुखवटाधारी खलनायक पळवतो. सैन्यातून शिक्षा होऊन बाहेर पडलेल्या दोन बहाद्दरांना त्यांचे जुने वरिष्ठ पुन्हा बोलावतात. दोघे नावाला सैनिक, कामाने हेर. मग लंडन येते. संगणकावर बोटे फिरवून कोणतेही कुलूप उघडणारी चुणचुणीत मुलगी येते. बंदूक चालवणारी देखणी अधिकारी येते. खलनायक हा आपलाच एकेकाळचा सहकारी होता, अपमानाने पेटला, असे उघड होते. त्याने माणसांच्या प्रतिकृती, म्हणजे क्लोन सैनिक, तयार केलेले असतात. मग स्फोट आणि शेवटी तिरंगा. सुमारे पावणेतीन तासांत यापलीकडे काही घडत नाही.

वाचक म्हणतील, असे चित्रपट साच्यातूनच निघतात, त्यात नवे काय? बरोबर आहे, आणि साच्याशी आमचे वैर नाही. आम्ही झाडीपट्टीची माणसे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटक चालते. त्या नाटकालाही साचा असतो. सोसणारी नायिका, माजलेला खलनायक, मधे नाच, मधे हसवणारा गडी आणि पहाटेकडे सर्वांच्या डोळ्यांत पाणी. पुढे काय होणार ते प्रेक्षकाला पहिल्या अंकातच ठाऊक असते. तरी तो घोंगडी पांघरून थंडीत बसून राहतो, कारण रंगमंचावरचे कर्ज, हुंडा आणि भाऊबंदकी ही त्याच्या घरचीच असते. साचा ओळखीचा, आणि आतला माल त्याच्या घरचा. म्हणून नाटक उभे राहते.

हेरपटाचा साचा हिंदीतही जुनाच आहे. १९६७ च्या ‘फर्ज’मध्ये जितेंद्र एजंट ११६ झाला होता, १९६८ मध्ये रामानंद सागरांच्या ‘आँखें’त धर्मेंद्र परदेशात शत्रूच्या गोटात शिरला होता, १९७९ च्या ‘सुरक्षा’त मिथुन गनमास्टर जी-९ बनला होता. हे चित्रपट जेम्स बाँडची उचलेगिरी होते हे कोणी लपवले नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा साचा आतला माल बाहेर फेकू लागतो. याच दिग्दर्शकाचा २०१७ चा ‘टायगर जिंदा है’ आठवावा. त्याला आधार एका खऱ्या घटनेचा होता. इराकमध्ये तिक्रीत येथे अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिका २०१४ च्या जुलै महिन्यात सुखरूप कोचीला परतल्या. त्यांच्यासाठी नायकाने मशीनगन चालवली नव्हती. पडद्यामागून बोलणी झाली, संयम राखला गेला, आणि त्या मुलींनी भीतीचे दिवस काढले. यात नाट्य नव्हते काय? पण बोलणी साच्यात बसत नाहीत. मशीनगन बसते.

आता विनोदाकडे येऊ, कारण या चित्रपटाने हसवण्याचेही आश्वासन दिले होते. त्याचे नाव १९९८ च्या चित्रपटावरून घेतले आहे. डेव्हिड धवन यांच्या त्या ‘बडे मियाँ छोटे मियाँ’त अमिताभ बच्चन आणि गोविंदा दुहेरी भूमिकांत होते. दोन पोलीस आणि हुबेहूब त्यांच्यासारखे दिसणारे दोन चोर. चोरांनी करायचे आणि पोलिसांनी भरायचे. चित्रपट थोर नव्हता, अनेक जागी पांचटही होता. पण त्यातील गंमत समजण्यासारखी होती. आपल्यासारखा दिसणारा दुसरा कोणी आपली अब्रू घालवतो आहे आणि आपण शपथेवर सांगितले तरी कोणी ऐकत नाही, या पेचातून हसू फुटत होते. तो पेच जगातील सर्वांत जुन्या विनोदी पेचांपैकी एक आहे. गुलजार यांचा १९८२ चा ‘अंगूर’ त्यावरच उभा आहे.

२०२४ च्या चित्रपटातही हुबेहूब माणसे आहेत. एक नव्हे, फौज आहे. पण कोणाची कोणाशी गल्लत होत नाही, कोणाची अब्रू जात नाही, कोणाला शपथ घ्यावी लागत नाही. क्लोन येतो, मार खातो, पडतो, दुसरा येतो. जुन्या चित्रपटात दोन चेहरे सारखे असल्याने माणसाची पंचाईत होत होती. नव्यात चेहऱ्याला किंमतच उरली नाही. मग विनोदासाठी काय शिल्लक राहिले? दोन नायकांनी एकमेकांच्या वयावरून आणि शौर्यावरून मारलेले टोमणे. गोळ्या चालू असताना टोमणे, लटकत असताना टोमणे. ज्यांना मरणाची भीती नाही त्यांचा धीटपणा दिसत नाही, आणि ज्यांचे काही हरवण्यासारखे नाही त्यांच्या विनोदाला हसू येत नाही. आमच्या सोबतची मुले मारामारीला ओरडली, टाळ्याही पिटल्या. मोठ्याने हसलेली मात्र आम्हाला आठवत नाहीत.

हेर विनोदी असू शकत नाही काय? उर्दू वाचणाऱ्या घरात वाढलेला माणूस हा प्रश्न विचारणारच नाही. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली आणि १९५५ पासून त्यांची ‘इमरान सिरीज’ निघू लागली. आमच्या वडिलांच्या पिढीने ती पुस्तके भाड्याने आणून, उशीखाली लपवून वाचली. मराठी घरांत बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडचे जे स्थान होते, तेच आमच्याकडे यांचे. त्यातला अली इमरान हा वरवर पाहता शुद्ध मूर्ख. भलत्या वेळी भलते बोलणारा, स्वयंपाकी सुलेमानशी हुज्जत घालणारा, पोलीस अधिकारी असलेल्या बापाने घराबाहेर काढलेला. आणि तोच गुपचूप ‘एक्स टू’ या नावाने गुप्तहेर खात्याचा प्रमुख! हाताखालच्या लोकांनाही ते ठाऊक नाही. ते त्याच्या तोंडावर त्याची टर उडवतात आणि फोनवर त्याच्याच आवाजाला थरथरतात.

येथे विनोद आणि हेरगिरी वेगळी नाहीत. मूर्खपणा हेच त्याचे वेषांतर आहे. वाचक हसतो आणि हसता हसता त्याला या माणसाच्या एकटेपणाची कळही लागते, कारण बापाच्या नजरेत नालायक ठरणे ही त्याने आपल्या कामासाठी मोजलेली किंमत आहे. इब्ने सफीही झटपट लिहीत, दरमहा लिहीत, ठरावीक साच्यातच लिहीत. तरी त्यांना एवढे कळत होते की वेषांतराला किंमत मोजावी लागते. कोट्यवधी रुपये खर्चून काढलेल्या चित्रपटाला हे कळू नये?

वेषांतराचा विषय निघालाच आहे, तर आता ज्या गोष्टीने आम्हाला खरे अस्वस्थ केले तिच्याकडे वळू. या चित्रपटाच्या शीर्षकात ‘मियाँ’ दोनदा येतो. तो ईदच्या दिवशी प्रदर्शित झाला. आणि त्यातील बडे मियाँ, म्हणजे अक्षयकुमारचे पात्र, यांचे नाव आहे फिरोज. पण त्यांना फिरोज म्हणून ओळखायचे नाही, म्हणायचे फ्रेडी. दुसऱ्या नायकाचे नाव राकेश, त्याचा रॉकी होतो. न्याय सारखाच झाला, असे कोणी म्हणेल. फिरोज हे नाव पारशांतही असते, हेही खरे. चित्रपट या फिरोजचा धर्म, गाव, आईबाप यांपैकी कशालाच महत्त्व देत नाही. राकेशचेही तसेच. पण राकेशचा रॉकी झाल्याने राकेश पडद्यावरून नाहीसा होत नाही. दुसऱ्या शंभर चित्रपटांत तो राकेश म्हणून नायक आहेच. फिरोजला ती सोय नाही. मोठ्या पडद्यावर, ईदच्या दिवशी, देश वाचवणारा फिरोज वर्षानुवर्षांतून एकदा येतो आणि आला तो फ्रेडी होऊन.

या नायकांच्या वरिष्ठाचे नाव तर पाहा: कर्नल आदिल शेखर आझाद. नाव कमी आणि राष्ट्रीय एकात्मतेच्या भाषणाचा मसुदा जास्त! असे नाव आमच्या जिल्ह्यात तरी कोणत्या हजेरीपत्रकात आम्ही पाहिलेले नाही.

ही एका चित्रपटाची गोष्ट असती तर सोडून दिली असती. मागे जाऊन पाहू. २०१९ च्या ‘वॉर’मध्ये टायगर श्रॉफ खालिद झाला होता. खालिदचा बाप देशद्रोही होता, म्हणून मुलाने जन्मभर निष्ठेची परीक्षा द्यायची. तो ती देतो, जीव ओतून देतो. प्रेक्षकाच्या मनात तो घर करतो. आणि मग रहस्य उघडते की खरा खालिद केव्हाच मेला. आपण ज्याला पाहत होतो तो शस्त्रक्रियेने खालिदचा चेहरा चढवलेला गद्दार. म्हणजे खालिद इमानदार निघाला, पण त्याचा चेहरा शेवटी गद्दाराच्याच कामी आला.

२०२३ च्या जानेवारीत ‘पठाण’ आला. देशभर गाजला, विक्रमी चालला. त्याच्या एका गाण्यातील वस्त्रांच्या रंगावरून आधीच वादळ उठले होते. आमच्या मोहल्ल्यात तो एखाद्या जवळच्या नातेवाइकाच्या यशासारखा साजरा झाला, हे कबूल केले पाहिजे. पण ‘पठाण’ हा पठाण का? तर आईबापांनी त्याला लहानपणी सिनेमाघरात सोडून दिले. त्याला आपले कूळ ठाऊक नाही. अफगाणिस्तानातील एका गावाला त्याने वाचवले आणि त्या लोकांनी त्याला हे नाव दिले. कल्पना सुंदर आहे. सिनेमाघरात सापडलेला मुलगा देशाचा मुलगा होतो. पण तिच्यातील चतुराईही दिसते. नाव मुसलमानी आणि माणूस कोणाचाच नाही. टाळी वाजवणाऱ्याला नाव मिळाले आणि बोट दाखवणाऱ्याला उत्तर मिळाले.

खालिद, पठाण, फिरोज. एकाने परीक्षा देत मरायचे, दुसऱ्याने अनाथ असायचे, तिसऱ्याने टोपणनाव घ्यायचे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपले लेखक एकच मागणे मागत आले आहेत की मुसलमान पात्राला अत्तर, शेरवानी आणि तलवार यांपासून सोडवा. त्याला सायकलचे दुकान द्या, वीजबिल द्या, बहिणीच्या लग्नाची काळजी द्या. हेरपटाने शेरवानी काढली खरी, पण तिच्या जागी वीजबिल न देता बुलेटप्रूफ जाकीट दिले.

हेराला नाव लपवावेच लागते, असा बचाव होऊ शकतो. तो तपासू. नूर इनायत खान ही टिपू सुलतानाच्या वंशातील मुलगी. वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, संगीतकार आणि सूफी. नूर मुलांसाठी गोष्टी लिहीत असे. दुसऱ्या महायुद्धात ती ब्रिटिशांची बिनतारी संदेशवाहक म्हणून जून १९४३ मध्ये जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. ‘मॅडेलीन’ हे तिचे सांकेतिक नाव. थोड्याच दिवसांत तिच्या जाळ्यातील सहकारी पकडले गेले. परत येण्याची संधी असताना तिने पॅरिस सोडले नाही. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउच्या छावणीत तिला गोळी घातली गेली. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. नूरने नाव लपवले ते कामासाठी, आणि त्याची किंमत तिने प्राणांनी मोजली. फिरोजने नाव कोणापासून लपवले? शत्रूपासून नक्कीच नाही. तो तर स्वतःच्या मित्रांतही फ्रेडीच आहे. त्याचे नाव हेरगिरीने झाकले नाही. ते पटकथेने झाकले, बाजाराने झाकले.

आणखी एक गोष्ट आम्ही भंडाऱ्याची माणसे म्हणून लिहिणे भाग आहे. या चित्रपटात स्फोट किती झाले हे मोजायचे आमच्या एका भाच्याने ठरवले होते. मध्यंतरापूर्वीच त्याने नाद सोडला. प्रत्येक स्फोटाकडे पाठ करून नायक संथ पावलांनी चालत येतात. त्यानंतर साधारण साडेनऊ महिन्यांनी, २४ जानेवारी २०२५ ला सकाळी, आमच्या जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि अनेक कामगार मरण पावले. कित्येक किलोमीटरपर्यंत आवाज गेला. देशाच्या तोफगोळ्यांसाठी दारूगोळा तयार करणारी ती माणसे सकाळी डबा घेऊन कामावर गेली होती. तोच भाचा त्या संध्याकाळी टीव्हीसमोर गप्प बसला होता. त्याने आम्हाला विचारले, ‘‘मामू, वो लोग भी फौजी थे क्या?’’ आम्ही म्हटले, फौजी नव्हते, पण फौज त्यांच्याविना लढू शकत नाही. हेरपट देशाच्या रक्षणाची गोष्ट सांगतो म्हणे. पण त्यात दारूगोळा करणारा माणूस कधी दिसत नाही. फक्त धूर दिसतो.

चित्रपटाच्या श्रेयाचे त्याला दिले पाहिजे. मारामारीची मेहनत खरी आहे. दोन्ही नायकांनी शरीर झिजवले आहे, हे दिसते. पृथ्वीराज सुकुमारन यांनी मुखवट्याआडूनही खलनायकाला थोडे दुःख दिले आहे. ‘कबीर’ या नावाच्या वाट्याला ते थोडे तरी आले. प्रेक्षकांनी मात्र चित्रपट नाकारला. त्याचे अपयश एवढे मोठे होते की त्याच्या खर्चाच्या आणि तोट्याच्या बातम्याच अधिक वाचल्या गेल्या. पण त्याला नाकारले म्हणून ‘मैदान’ला जवळ केले असेही झाले नाही. तोही तिकीटबारीवर पडला.

‘मैदान’ आम्ही नंतर, उशिरा, घरी पाहिला. तोही साच्याबाहेरचा नाही. दुष्ट पदाधिकारी, हरत आलेला सामना, शेवटच्या मिनिटाचा श्वास हे सर्व त्यातही आहे. लांबीही नको इतकी आहे. पण अजय देवगणने उभा केलेला तो माणूस पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत रहीमच राहतो. त्याला कोणी निष्ठा विचारत नाही आणि तो ती सांगत सुटत नाही. त्याला बायकामुले आहेत, सिगारेट आहे, खोकला आहे. खऱ्या आयुष्यात रहीम साहेब हैदराबादचे शाळामास्तर होते. त्यांच्या संघाने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरी गाठली. जकार्ताच्या त्या विजयानंतर वर्षही उलटले नाही तोच, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. एका मास्तराची गोष्ट होती आणि एका मास्तरानेच ईदच्या दिवशी तिच्यासाठी तोंड उघडले नाही!

ईदनंतर शाळा भरली तेव्हा मुलांचा खेळ आमच्या कानावर आला. मधल्या सुटीत त्यांनी आपली नावे बदलली होती. कोणी सॅम, कोणी रॉकी, कोणी मॅक्स. हजेरीपत्रकातील चार-चार अक्षरांची, आजोबांनी विचार करून ठेवलेली नावे मैदानाबाहेर ठेवून ते देश वाचवत होते. आम्ही एकाला विचारले, तुझे नाव चांगले आहे, खेळात ते का नाही चालत? त्याने आमच्याकडे दयेने पाहिले. ‘‘सर, हीरो का नाम वैसा नहीं रहता.’’

त्या मुलाला चित्रपटाचा साचा आमच्यापेक्षा नेमका कळला होता. त्याला आम्ही व्याख्यान दिले नाही. पुढच्या शनिवारी वर्गात इमरानची एक गोष्ट वाचायला घेतली. सुलेमान आणि इमरानची हुज्जत सुरू झाली तशी मागच्या बाकापर्यंत मुले हसली, मोठ्याने हसली. नंतर रहीम साहेबांची हकीकत सांगितली, फळ्यावर जकार्ता आणि मेलबर्न लिहिले. सुटीत मैदानावर फुटबॉल आला. गोलकीपर कोण यावरून भांडण झाले आणि प्रत्येकाने प्रत्येकाला त्याच्या पूर्ण, हजेरीतल्या नावाने हाका मारल्या. भांडताना मुले टोपणनाव विसरतात, एवढाच त्याचा अर्थ असेल. पुढच्या ईदला मात्र घरातल्या मतदानात आम्ही गप्प बसणार नाही.